खोलीचा नाद

नव्या घराचे बांधकाम पूर्ण होते, भिंतींचा रंग वाळतो आणि घरातील मंडळी रिकाम्या खोल्यांतून प्रथमच फिरू लागतात. त्या वेळी एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात येते. साधे बोलणेसुद्धा तेथे घुमते. लहान मूल हसले, तर त्याचे हसू भिंतींवरून फिरून परत येते. पुढे त्याच खोल्यांत गाद्या, कपाटे, पडदे व पुस्तके येतात, माणसे राहू लागतात, आणि तो घुमारा जणू नाहीसा होतो. घर तेच, भिंती त्याच, बोलणारी माणसेही तीच. मग आवाजात हा पालट कशाने झाला?

याच्या उलट अनुभवही पुष्कळांना येतो. गाणी ऐकण्यासाठी एखादे कुटुंब दुकानातून चांगला स्पीकर विकत आणते. दुकानात त्यावरील गायन स्वच्छ ऐकू आलेले असते. घरी तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवला जातो आणि चमत्कार होतो. डग्ग्याचा एखादाच ठोका मेघगर्जनेसारखा गडगडतो, दुसरा ऐकूच येत नाही. गायकाचे शब्द त्या गडगडाटात बुडून जातात. यंत्र बिघडले, असे समजून दुरुस्ती करणाऱ्यास बोलावले जाते. तो सर्व तपासतो, परंतु त्याला दोष सापडत नाही. कारण दोष यंत्रात नसून खोलीत असतो.

ध्वनी यंत्रातून निघून सरळ कानात शिरतो आणि तेथेच संपतो, अशी साधारण समजूत असते. वस्तुतः ध्वनी चोहोकडे पसरतो. हवेतून तो एका सेकंदात सुमारे 340 मीटर अंतर तोडतो. चार मीटर लांबीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाण्यास त्याला सेकंदाचा सुमारे 85 वा भाग पुरतो. म्हणजे एका सेकंदात तो भिंतींवर 85 वेळा आदळू शकतो. प्रत्येक वेळी त्याचा काही अंश भिंत शोषून घेते व उरलेला परत फिरतो. गुळगुळीत गिलावा, सिमेंटचे छत, काच आणि फरशी ही ध्वनी फारच थोडा शोषतात व बहुतेक सर्व परत पाठवतात. जुन्या कौलारू घरात ध्वनीला फटींतून बाहेर पडण्यास वाट असे. सिमेंटच्या बंदिस्त खोलीत ती वाट उरत नाही.

विजापूरच्या गोल घुमटात उच्चारलेला शब्द पुनःपुन्हा ऐकू येतो, हे पुष्कळांना ठाऊक आहे. मूळ आवाज आणि त्याचे परत येणे यांत सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतके अंतर पडले, म्हणजे कानाला ते दोन वेगळे आवाज वाटतात. यालाच प्रतिध्वनी म्हणतात. त्यासाठी समोरची भिंत निदान 17 मीटर दूर असावी लागते. घरातील खोली इतकी मोठी नसते. तेथे परत आलेला ध्वनी मूळ ध्वनीत मिसळून जातो. तो वेगळा ओळखू येत नाही. परंतु मूळ आवाजाचे रूप मात्र पालटून टाकतो. हा पालट दोन प्रकारांचा असतो. आवाज बंद झाल्यावरही काही काळ रेंगाळत राहतो, त्याला निनाद म्हणावे. आणि खोली काही ठरावीक स्वरांनाच उचलून धरते, त्याला अनुनाद म्हणतात.

निनादाचे शास्त्र एका फसलेल्या सभागृहातून जन्माला आले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत 1895 साली सुरू झाली. तिच्यात व्याख्यानांसाठी एक सुंदर सभागृह होते. परंतु त्यात व्याख्यान काही समजेना! वक्त्याने उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता आणखी दहा-पंधरा शब्द बोलून जाई, आणि ते सारे एकमेकांत मिसळून नुसता कोलाहल उरे. शिकवणारे विद्वान होते, ऐकणारे उत्सुक होते. पण मधली खोली दोघांच्याही श्रमांवर पाणी पाडीत होती.

हा दोष दूर करण्याचे काम विद्यापीठाने वॉलेस क्लेमेंट सेबाइन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकाकडे सोपवले. त्याचे वय तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. दिवसा रस्त्यावरील गडबडीमुळे सूक्ष्म आवाज ऐकणे शक्य नव्हते. म्हणून तो मध्यरात्रीनंतर काम करी. एक ऑर्गनची नळी वाजवावयाची, ती बंद करावयाची, आणि तिचा आवाज किती वेळाने ऐकू येईनासा होतो ते मोजावयाचे, असा त्याचा क्रम असे. जवळच्या एका नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या रात्री उसन्या आणून तो सभागृहात मांडी. गाद्या जसजशा वाढत, तसतसा निनादाचा काळ कमी होई. गाद्यांनी सारे सभागृह भरले, तेव्हा साडेपाच सेकंदांचा निनाद एका सेकंदाच्या आसपास आला. मग त्या सर्व गाद्या सकाळपूर्वी परत नेऊन ठेवावयाच्या! मोजणाऱ्याच्या अंगावरील कपडेदेखील थोडा ध्वनी शोषतात, हे कळल्यावर त्याने आधीची पुष्कळ निरीक्षणे बाजूस सारली आणि पुढे प्रयोगाच्या वेळी ठरावीकच कपडे घालण्याचा नियम केला.

सुमारे तीन वर्षांच्या परिश्रमानंतर 1898 साली त्याला एक सोपा नियम सापडला. खोली जितकी मोठी, तितका निनादाचा काळ अधिक. आणि खोलीतील ध्वनिशोषक वस्तू जितक्या जास्त, तितका तो काळ कमी. शोषणाचे माप म्हणून त्याने उघडी खिडकी घेतली. कारण उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही. फॉगच्या सभागृहात भिंतींवर जाड नमदा बसवल्यानंतर व्याख्यान समजू लागले. बॉस्टन शहरातील सिंफनी हॉल हे संगीतगृह सेबाइनच्या सल्ल्याने बांधले गेले. ते 1900 साली सुरू झाले व आजही जगातील उत्तम संगीतगृहांत गणले जाते. नव्या घरातील घुमारा कपाटे, गाद्या व माणसे आल्यावर का कमी होतो, याचे उत्तर याच नियमात आहे. रिकाम्या कार्यालयात घुमणारा आवाज लग्नाच्या दिवशी मंडळी भरल्यावर स्वच्छ ऐकू येतो, त्याचेही कारण हेच.

परंतु कोपऱ्यातील स्पीकरचे कोडे एवढ्याने सुटत नाही. तेथे सर्वच आवाज घुमत नाही. ठरावीक खर्जाचे स्वरच गडगडतात. हा अनुनादाचा प्रकार होय.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला झोका देणारा योग्य क्षण साधून हलकेच हात लावतो आणि झोका उंच जातो. अवेळी कितीही जोराने ढकलले, तरी झोका रंगत नाही. झोपाळ्याची स्वतःची अशी एक लय असते. त्या लयीशी जुळणारा लहानसा धक्काही पुरेसा होतो. यालाच अनुनाद म्हणतात. बंद जागेतील हवेलाही अशा स्वतःच्या लयी असतात. स्नानगृहात गुणगुणताना एखादा स्वर एकाएकी भरदार वाटतो. कारण तो स्वर त्या जागेच्या लयीशी जुळलेला असतो. तंबोऱ्याचा भोपळा पोकळ असतो, तोही तारांचा नाद वाढवण्यासाठीच. मात्र चांगला वाद्यकार एकच स्वर अंगावर येईल असे वाद्य घडवीत नाही. खोली बांधणारा हा विचार सहसा करीत नाही, आणि म्हणून खोली नकळत एक बेसूर वाद्य बनते.

खोलीच्या लयी साध्या गणिताने काढता येतात. खोलीची लांबी चार मीटर असेल, तर ध्वनीला समोरच्या भिंतीवर आदळून परत येण्यास आठ मीटर जावे लागते. 340 ला 8 ने भागले असता 42.5 येतात. म्हणून सेकंदास 42.5 कंप असलेला खर्जाचा स्वर त्या खोलीत विशेष घुमेल. त्याच्या दुप्पट म्हणजे 85, तिप्पट म्हणजे 127.5, असे स्वरही घुमतील. कंपांच्या या संख्येला हर्ट्झ असे नाव आहे. खोलीची रुंदी तीन मीटर असेल, तर 340 ला 6 ने भागून सुमारे 57 हर्ट्झचा स्वर मिळतो. उंचीही तीन मीटरच असेल, तर तिचाही स्वर तोच येतो, आणि मग दोन्ही मिळून त्या एकाच स्वराला दुप्पट उचलून धरतात. लांबी, रुंदी व उंची तिन्ही सारखी असलेली खोली याच कारणाने गाणे ऐकण्यास सर्वांत वाईट. वरच्या पट्टीत खोलीच्या लयी इतक्या दाट असतात की एखादीच वेगळी उठून दिसत नाही. खर्जात त्या विरळ असतात, म्हणूनच उपद्रव तेथे जाणवतो.

खोलीत स्वर घुमतो, तेव्हा हवेत काय घडत असते? लांबट टबात पाणी घेऊन ते हलके हिंदकळावे, म्हणजे हे डोळ्यांना दिसते. पाणी एका टोकाला चढते, तेव्हा दुसऱ्या टोकाला उतरते. टोकांशी चढउतार सर्वांत मोठी असते आणि मधोमध पाण्याची पातळी जवळजवळ स्थिर राहते. खोलीतील हवेचा दाबही असाच हिंदकळतो. चार मीटरच्या खोलीत 42.5 हर्ट्झचा स्वर दोन्ही भिंतींशी मोठा ऐकू येतो व मध्यावर लोपतो. 85 हर्ट्झच्या स्वराचे याहून निराळे. तो भिंतींशी व मध्यावर मोठा होतो आणि प्रत्येक भिंतीपासून एक मीटरवर लोपतो. एकाच खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांना डग्गा असह्य वाटतो आणि मध्ये बसलेल्या नातवाला त्याचे काही स्वर ऐकूच येत नाहीत. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

कारण कळले, म्हणजे उपाय शोधणे कठीण जात नाही. पहिल्या उपायाला एक पैसाही लागत नाही. तो म्हणजे जागा बदलणे. टबाच्या टोकाशी तळहात लयीत वरखाली केला, तर पाणी लवकर हिंदकळू लागते. मध्यावर तसेच केले, तर ती लय उठत नाही. खोलीचा कोपरा म्हणजे तीन दिशांचे टोक. तेथे ठेवलेला स्पीकर खोलीच्या सर्व लयी एकदम जागवतो. तो कोपऱ्यातून काढून भिंतींपासून थोडा पुढे घ्यावा. दोन्ही भिंतींपासूनचे अंतर सारखे ठेवू नये. ऐकणाऱ्यानेही भिंतीला टेकून बसू नये व अगदी मधोमधही बसू नये. खोलीच्या लांबीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे चार मीटरच्या खोलीत भिंतीपासून सव्वा-दीड मीटरवर, आसन ठेवावे. तेथे वर सांगितलेल्या दोन्ही स्वरांपैकी कोणताच फार मोठा होत नाही व कोणताच लोपत नाही. विद्यार्थ्यांनी खर्जाचा एखादा लांब स्वर स्पीकरवर हळू आवाजात लावून खोलीतून सावकाश फिरून पाहावे. स्वर कोठे वाढतो व कोठे मावळतो, हे कानालाच कळेल.

दुसरा उपाय ध्वनिशोषक वस्तूंचा. सतरंजी, गादी, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेली उघडी कपाटे यांच्या बारीक छिद्रांतून हवा ये-जा करते, घर्षण होते आणि ध्वनीची शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. परंतु येथे एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. अशी वस्तू ध्वनिलहरीच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी जाड असेल, तरच ती ध्वनी भरपूर शोषते. 3400 हर्ट्झच्या उंच स्वराची लहर दहा सेंटिमीटर लांब. तिला अडीच सेंटिमीटर जाडी पुरते. 42.5 हर्ट्झची लहर मात्र आठ मीटर लांब. तिच्यासाठी दोन मीटर जाड गादी लागेल! म्हणून केवळ पडदे लावीत सुटले, तर उंच स्वर मरतात, खर्जाचा गडगडाट तसाच राहतो आणि गाणे उशीखाली दाबल्यासारखे वाटू लागते.

खर्जासाठी वेगळी युक्ती योजावी लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर तिरकी फुंकर घातली की ती एका ठरावीक स्वरात बोलते. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ गोलांचा अभ्यास केला. म्हणून त्या प्रकारच्या पात्रांना त्याचे नाव मिळाले आहे. पात्राच्या मानेतील हवा त्या एका स्वराला प्रतिसाद देऊन पुढेमागे हलते. मानेत थोडे कापड भरले, तर ती हलताना घासते आणि त्या स्वराची शक्ती खर्ची पडते. खोलीच्या त्रासदायक स्वराशी जुळेल अशा आकाराच्या पेट्या करून कोपऱ्यात ठेवल्या, तर तो स्वर सौम्य होतो. ज्या अनुनादाने दोष निर्माण झाला, त्यानेच तो काढावयाचा. हे काट्याने काटा काढण्यासारखेच आहे. भिंतीपासून थोडी पोकळी सोडून लावलेली पातळ लाकडी फळीही याच तत्त्वाने खर्ज शोषते. ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत अशी रचना केलेली असते.

तिसरा उपाय उघड्या दार-खिडकीचा. दार उघडताच खर्जाच्या लहरींना बाहेर वाट मिळते व खोली मोकळी होते. पण बाहेर गेलेला आवाज नाहीसा होत नाही. तो शेजाऱ्याकडे जातो. तेथे कोणी आजारी असेल, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल. आपल्या घरातील गडगडाट दुसऱ्याच्या घरात लोटणे हा उपाय नव्हे. आवाज हळू ठेवूनच खिडकी उघडावी.

अलीकडे काही यंत्रांत निरनिराळ्या स्वरांचा जोर कमीअधिक करण्याची सोय असते. जो स्वर गडगडतो, त्याचा जोर तिने कमी करता येतो. परंतु ज्या जागी स्वर लोपतो, तेथे त्याचा जोर कितीही वाढवला, तरी तो बहुधा लोपलेलाच राहतो; वाढवलेला ध्वनी भिंतीवरून परत येऊन स्वतःलाच छेदतो. म्हणून यंत्राला हात लावण्यापूर्वी स्पीकर व आसन यांची जागा पाहावी, हेच शहाणपणाचे.

या सर्व उपायांत तारतम्य सोडून चालत नाही. विज्ञानसंस्थांतून अशा काही खोल्या बांधलेल्या असतात की त्यांत ध्वनी जवळजवळ परतच येत नाही. त्या मोजमापासाठी उपयोगी पडतात. परंतु तेथे बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज रुक्ष व दुबळा वाटतो, आणि गाणे तर अगदी निर्जीव होते. थोडा निनाद आवाजाला गोडवा देतो. खोलीला मुकी करावयाचे नाही, तर तिला सुरात आणावयाचे आहे. तबलजी मैफलीपूर्वी हातोडीने तबला मिळवून घेतो. खोली मिळवून घेणे हेही तसेच काम आहे.

हे ज्ञान केवळ गाण्याच्या शौकिनांसाठी आहे, असे मात्र नाही. उघड्या सिमेंटच्या भिंती असलेल्या वर्गात शिक्षकांचे शब्द घुमतात आणि शेवटच्या बाकावर पोहोचेपर्यंत अस्पष्ट होतात. तेथील विद्यार्थी अनवधानी ठरतो. ज्याला मुळातच कमी ऐकू येते, तो तर मंदबुद्धी समजला जातो. दोष मुलाचा नसतो, शिक्षकांचाही नसतो. मागील भिंतीवर जाड कापडाचे किंवा मऊ पाट्यांचे फलक लावले, पुस्तकांची उघडी कपाटे तेथे ठेवली, तर तेच शब्द पुष्कळ स्पष्ट होऊन त्याच्यापर्यंत पोहोचतात. खोलीच्या मध्यावर उभे राहून एक टाळी वाजवावी व तिच्यामागून काय येते ते लक्षपूर्वक ऐकावे. टाळी लगेच थांबली, तर ठीक. तिच्यामागे झणझणाट रेंगाळला, तर उपायाची गरज आहे असे समजावे. एवढी परीक्षा कोणासही करता येण्याजोगी आहे.